रात्री बर्फ गोठला होता का?

मंडळी, वसंतात बर्फाळ डोंगरात जायचं ठरलं की बहुतेक जण अंदाजात दुपारचं कमाल तापमान शोधतात. माझं सांगणं आहे, आधी रात्रीचं आकाश कसं असेल ते बघा. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता सरळ वर सोडून देतो. हवेचं तापमान शून्याच्या किंचित वर असतानाही वरचा थर कडक होतो तो त्यामुळेच. ढग असतील तर ते ही उष्णता अडवतात. पहाटे गारठा जाणवतो, पण पायाखालचा बर्फ ओलाच राहिलेला असतो. अशा ओल्या बर्फाचंच हिमस्खलन होतं, म्हणून त्या दिवशी तीव्र उतारांवर जाऊच नये, कितीही लवकर उठलात तरी.

हिवाळाभर बर्फाचे कण एकमेकांना धरून असतात. ऊन तापलं की वितळलेलं पाणी खाली झिरपतं आणि ही पकड सुटत जाते. वाटेत एखादा जुना कडक थर लागला की पाणी त्याच्यावर पसरतं आणि वरचा अख्खा पट्टा घसरायला मोकळा होतो. बर्फावर पाऊस पडला तर हेच फार झपाट्याने घडतं.

रात्री नीट गोठलेलं कवच सकाळी तुमचं वजन पेलतं. उत्तर गोलार्धात ऊन आधी पूर्वेच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेच्या, आणि दुपारी पश्चिमेच्या. आपली वाटही त्याच हिशेबाने आखायची. पण घड्याळापेक्षा बुटावर जास्त विश्वास ठेवा. वरचे दोन-तीन सेंटीमीटर मऊ आणि खाली टणक, इथवर ठीक. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, मुठीत दाबलेल्या बर्फातून पाणी ठिबकलं, खडकांखालून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की उतार सोडायचा. शिखर शंभर मीटरवर असलं तरी! हे गोळे दिसायला निरुपद्रवी असतात, म्हणून लोक त्यांचे फोटो काढत उभे राहतात. मला त्याचीच सगळ्यात काळजी वाटते.

उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांचं गणित वेगळं. तिथे खोलवर हिवाळ्यातला साखरेसारखा भुसभुशीत थर टिकून असतो. वसंतातली पहिली मोठी उष्णता आत पोहोचली की महिनोन् महिने शांत असलेला उतारही तुटतो. गवताळ किंवा गुळगुळीत खडकाळ उतारावर बर्फाला रुंद भेगा दिसल्या तर त्याखाली थांबूच नका. तो थर जमिनीवरूनच सरकत असतो, आणि कधी सुटेल हे कुणीच सांगू शकत नाही. रात्रीही सुटतो.

बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुरू होतात. तुम्ही स्वतः सपाटीवर असाल, पण डोक्यावर काय आहे? डोंगराच्या धारेवर वाऱ्याने साठवलेला बर्फाचा छज्जा वाटतो त्यापेक्षा बराच मागून तुटतो, म्हणून कडेपासून चांगलं लांब चाला. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची.

ओला बर्फ कोरड्यापेक्षा सावकाश येतो, पण एका घनमीटरचं वजन चारशे-पाचशे किलो भरू शकतं, आणि थांबल्याक्षणी तो घट्ट बसतो. पूर्ण गाडल्या गेलेल्यांना साधारण पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण जगतात. पस्तीस मिनिटांनंतर हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर येतं, आणि जड बर्फात तेवढीही सवड मिळत नाही. बाहेरून मदत इतक्या लवकर येत नाही. सोबत्यांनीच शोधायचं आणि खणायचं असतं. म्हणून 457 किलोहर्ट्झचा बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि सरावही हवा.

आता परतीचं. सकाळी ज्या कडक उतारावरून चढलात, तोच दुपारी ओला होऊन वाट अडवतो. उशीर झालाच तर घाईने तो ओलांडू नका. वर धोका नसलेल्या धारेवर थांबा. संध्याकाळी उतार सावलीत गेला, आकाश मोकळं राहिलं आणि बर्फ पुन्हा टणक लागला, तरच उतरा. त्यासाठी सॅकमध्ये जादा उबदार जाकीट, हेडलॅम्प आणि थोडं खाणं पहिल्यापासूनच असू द्या.