पेज घेणार का, आई?

(दृश्य: फोंड्याकडचं एक घर, सकाळ. वाटीत उकड्या तांदळाची पेज.)

सून खाटेशेजारी स्टुलावर बसलीय, सासूबाईंच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्यानं भरवलं तर त्यांना मान वर करावी लागते आणि मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धाच. गिळताना गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते. ती हललेली दिसल्यावरच पुढचा घास. खाऊन झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करू नये.

पण चमचा उचलण्याआधी विचारायचं, ‘आई, पेज घेणार?’ आणि थांबायचं. स्मृतिभ्रंशात प्रश्न कळायला आणि उत्तर जुळायला वेळ लागतो. मनात 10 पर्यंत मोजा. एरवी 3 मोजायच्या आत चमचा ओठांना लागलेला असतो. माणसाचं माणूसपण हिरावून घेणारे वागण्याचे 17 प्रकार ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी मांडले. ही घाई त्यांतलीच. ती करणारे बहुधा मायेचेच असतात, म्हणून ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

(दृश्य: न्हाणीघर. बादली, तांब्या, पंचा.)

डोक्यावर एकदम तांब्या ओतला की सासूबाई हात झटकतात. घरचे म्हणतात, ‘हल्ली फार भांडतात.’ खरं तर त्या दचकलेल्या असतात. पाणी आधी त्यांच्या हातावर घाला, मग पायांवर. खांद्यावरचा पंचा राहू द्या. पुढे काय करणार ते दरवेळी सांगा.

दुबईहून मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. ‘आई जेवली का गो?’ आई समोरच बसलेली असते! फोन तिच्याकडे वळवा.

मोठे निर्णय मात्र लवकर विचारावे लागतात. शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी 2024 मध्ये असं इच्छापत्र नोंदवलं, ते राज्यातलं पहिलं. सही करणाऱ्याला मजकूर समजत असला पाहिजे. त्यामुळे स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्या झाल्याच हे काम हाती घ्या. पुढे आपल्या वतीनं कुणी बोलायचं, ती नावंही त्यात घालता येतात. ती सासूबाईंनाच सांगू द्या, मुलांनी आपसांत ठरवून आणू नयेत.