उंदराले काही झालं नाही, मंग आपल्याले कायले होईन?

नमस्कार मंडळी! रोगाचं प्रथिन मोडीत काढणाऱ्या औषधांवरच्या मागच्या व्हिडिओखाली पुन्हा पुन्हा एकच प्रश्न: "भाऊ, उंदरावर तपासलं ना, मंग भ्या कायचं?" म्हणून आज वणीकडच्या आमच्या गोठ्यासमोरच कॅमेरा लावला. मागून बैल हंबरला तर सांभाळून घ्या.

मूळ गोष्ट पटकन. ही औषधं बैलबाजारातल्या दलालासारखी. एका हातात रोगाचं प्रथिन, दुसऱ्या हातात सेरेब्लॉन, म्हणजे 'हे मोडीत काढा' अशी खूण करवणारं पेशीतलं प्रथिन. सौदा जमला की रोगाचं प्रथिन मोडीत, दलाल पुढच्या गिऱ्हाइकाले मोकळा. पण दलालानं भलत्याचाच हात धरला तर?

थॅलिडोमाइडनं, म्हणजे झोपेसाठी अन् गरोदर बायांच्या मळमळीवर देत त्या औषधानं, तेच केलं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं, १९६१ मध्ये मागं घेतलं. जगभरात १०,००० च्या वर बाळं व्यंग घेऊन जन्मली. उंदराची पिल्लं मात्र धडधाकट! ते सेरेब्लॉनला धरतं हे कळायला २०१० उजाडलं, अन् गर्भाला लागणारं सॅल-फोर प्रथिन मोडतं हे २०१८ मध्ये. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये एका मोक्याच्या जागी माणसातल्या व्हॅलीनऐवजी आयसोल्यूसीन आहे (हे दोन्ही प्रथिनाच्या माळेतले मणी, म्हणजे अमिनो आम्लं), त्याचं सॅल-फोरही वेगळं. सौदा जमतच नाही.

अजून पटत नाही? मागं मी ज्वारीत टू-फोर-डी हे तणनाशक मारलं. ज्वारी ढिम्म. तोच पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर पानं बोटांसारखी लांबट, आकसलेली. बाबा अजून धड बोलत नाहीत. ज्वारी पास झाली म्हणून कपाशी पास होत नाही, बाप्पा!

एक ताई लिहितात, "मग माणसाच्या पेशीवर तपासा." तपासतात ताई. औषध घालून मास स्पेक्ट्रोमीटरवर हजारो प्रथिनं मोजतात, कोणतं घटलं ते बघतात. पण पेशी कोणती घेतली? जिच्यात सॅल-फोर नाहीच, तिथं ते घटणार कसं? रिकाम्या खुंट्यावरून बैल चोरीला जात नाही. म्हणून ज्यांच्यात सॅल-फोर असतं त्या मूळ पेशींतही (स्टेम सेल) बघावं लागतं.

अन् हे फक्त प्रयोगशाळेतलं समजू नका. आत्याला मायलोमासाठी (हाडातल्या मगजाचा कर्करोग) लेनालिडोमाइड चालू आहे, तेही याच कुळातलं. गिळवत नाही म्हणून वहिनी कॅप्सूल फोडून शिऱ्यात कालवत होती. वहिनीले पाचवा महिना. म्या वाटी हिसकलीच. तवापासून कॅप्सूल मीच देतो, अख्खी, अन् आत्या माह्या नावानं बोटं मोडत गिळते.