मॅथिना : गव्हर्नरच्या घरातली लेक

हे चित्र १८४२ सालचं आहे. जलरंगातलं. लाल झगा, आखूड कुरळे केस, सात वर्षांची मुलगी. नाव मॅथिना. चित्रकार टॉमस बॉक हा स्वतः कैदी म्हणून इंग्लंडहून व्हॅन डीमेन्स लँडला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या आजच्या टास्मानिया बेटावर, आलेला. त्याने तिचे पाय अनवाणी रंगवले. पुढे कुणीतरी या चित्राला लंबगोल चौकट बसवली आणि त्यात नेमके पाय झाकले गेले.

मॅथिनाचे वडील टाउटरर हे बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, पोर्ट डेव्हीच्या परिसरात राहणाऱ्या लोकांचे प्रमुख. १८२०च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनी बळकावल्या, रक्तरंजित संघर्ष पेटला. त्यातून जे मूलनिवासी वाचले त्यांना गोळा करून फ्लिंडर्स बेटावर नेण्यात आलं. वसाहतीचं नाव वायबलेना. तिथे त्यांना कपडे मिळाले, बायबल मिळालं आणि रोगराई मिळाली. माणसं एकामागून एक मरत गेली. १८३५च्या सुमारास तिथेच मॅथिना जन्मली. ती जेमतेम दोन वर्षांची असताना टाउटरर गेले.

त्या वेळी गव्हर्नरपदावर होते सर जॉन फ्रँकलिन, उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांनी गाजलेले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लेडी जेन यांनी या मुलीला राजधानी होबार्टच्या सरकारी निवासात आणलं. फ्रँकलिनांची मुलगी एलिनॉर हिच्या शिक्षिकेकडे तीही शिकू लागली. लेडी जेनना बघायचं होतं की 'रानटी' म्हणवल्या जाणाऱ्यांचं मूल युरोपीय वळण किती घेतं. त्यांना मुलीचा लळा नव्हता असं मी म्हणणार नाही. पण लळा आणि प्रयोग एकाच घरात नांदत होते, आणि प्रयोग कधी थांबवायचा हे मुलीच्या हातात नव्हतं.

मॅथिनाच्या हातचं एक छोटंसं पत्र उरलं आहे. वाक्यं तुटक आहेत. ती लिहिते, मी चांगली मुलगी आहे, म्हणून मला टाक आणि शाई मिळाली आहे. माझ्याकडे बाहुली आहे, परकर आहे. माझे पाय दुखतात, मला बूट आणि मोजे आहेत आणि मला खूप आनंद झालाय. वडिलांवर माझं प्रेम आहे, त्यांनी इथे यावं. हे वडील म्हणजे फ्लिंडर्स बेटावरचे सावत्र वडील असावेत, असं मानलं जातं. वाचताना मी दरवेळी 'म्हणून' या शब्दाशी अडखळते. टाक आणि शाई या मुलीला चांगलं वागल्याबद्दल मिळते, आणि पाय दुखत असले तरी आनंद झाल्याचं ती लगेच सांगून टाकते.

१८४३ मध्ये फ्रँकलिन यांना पदावरून परत बोलावण्यात आलं. इंग्लंडची थंड हवा मॅथिनाला मानवणार नाही, असं कारण पुढे झालं. एलिनॉर बोटीत चढली. मॅथिनाची रवानगी होबार्टजवळच्या सरकारी अनाथाश्रमात झाली. गालिचे, पुस्तकं, बाहुली हे सगळं एकदम मागे पडलं. तिथून पुन्हा फ्लिंडर्स बेटावर. १८४७ मध्ये वायबलेना बंद झालं, तेव्हा तिथे सत्तेचाळीस माणसं उरली होती. त्यांना होबार्टच्या दक्षिणेला ऑयस्टर कोव्ह इथे, कैद्यांसाठी बांधलेल्या ओलसर, मोडकळीस आलेल्या इमारतींत ठेवलं. मॅथिनाही अखेर तिथेच पोचली.

सरकारी निवासात वाढल्यामुळे ती आपल्याच माणसांत परकी ठरली, असं जुने लेखक लिहितात. मला हे वाक्य फार सोयीचं वाटतं, कारण त्यात सगळा दोष तिच्या स्वभावावर ढकलला जातो. तिला घरी आणणं आणि सोडून जाणं हे दोन्ही निर्णय मोठ्यांचे होते. १८५२च्या सुमारास, सतराव्या वर्षाच्या आसपास ती गेली. दारूच्या नशेत उथळ पाण्यात बुडाली, असं सांगितलं जातं.

फ्रँकलिन १८४५ मध्ये पुन्हा ध्रुवाकडे निघाले आणि दोन्ही जहाजांसह नाहीसे झाले. पत्नीने त्यांच्या शोधासाठी वर्षानुवर्षं जंग जंग पछाडलं. होबार्टच्या चौकात त्यांचा पुतळा उभा आहे. मॅथिनाचं नाव बेटाच्या ईशान्येकडच्या एका खाणगावाला दिलं गेलं, तिच्या वडिलांच्या मुलखाच्या अगदी विरुद्ध टोकाला.

टास्मानियाचे मूलनिवासी संपले, असं पुस्तकांतून कैक वर्षं छापलं गेलं. ते खोटं होतं. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि आपल्या जमिनीसाठी लढत आले आहेत. १९९५ मध्ये कायदा झाला आणि ऑयस्टर कोव्ह त्यांच्या ताब्यात परत आलं. चार वर्षांनी वायबलेनाही.