काडी माणसाकडे वळते तेव्हा

(पडद्यावर: पक्कड, तांब्याची तार, वाकवणारे हात.)

इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगसाठी मिळते ती ही जाड तांब्याची तार. तिचे दोन तुकडे घ्यायचे आणि दोन्ही काटकोनात वाकवायचे. आखूड बाजू मुठीत मावेल एवढी, लांब बाजू हातभर. आखूड बाजूवर डॉटपेनची रिकामी नळी चढवली की तार मुठीत अडकत नाही, गरागरा फिरते. झाल्या पाणी शोधायच्या काड्या तयार. पूर्वी यासाठी कडुलिंबाची बेचकी असायची. कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवतो आणि तो उभा राहायची वाट पाहतो. तांबं त्या मानानं अलीकडचं, आणि दिसायलाही जरा शास्त्रीय.

खानदेशात ही जोडी पाणाड्याच्या हातात दिसते. शिवारात तो हळूहळू चालतो, काड्या समोर रोखलेल्या. एका ठिकाणी त्या एकमेकींवर येतात. तो थांबतो, टाच रोवतो: "आठेच शे." तिथं दगड ठेवला जातो. मग एका रात्री तामिळनाडू पासिंगची बोअरची गाडी बांधावर येऊन उभी राहते आणि फुटाचा हिशेब सुरू होतो. 'दोन इंची लागलं' तर पेढे. धुराळाच निघाला तर आणखी पन्नास फूट, आणि मग आणखी पन्नास.

पण काडीचं काम शिवारात संपत नाही. ओट्यावर चहा झाला की दुसरे प्रश्न निघतात. जुळली तर हो, फाकली तर नाही. पोरीचं लग्न औंदा जमेल का? हरवलेली गाय तापीकडे गेली की डोंगराकडे? आणि कधी तरी आवाज खाली आणून: गळ्यातली पोत कुणी नेली?

आधी काडी फिरते कशी ते पाहू.

(पडद्यावर: मुठीचं संथ गतीचं चित्रण.)

तांब्याला पाण्याची ओढ नाही. ते लोहचुंबकालाही चिकटत नाही. पण या मुठीकडे नीट पाहा. लांब बाजू आडवी धरली की ती कुठल्याही दिशेला वळायला मोकळी असते. मूठ अगदी थोडी आत कलली, तरी टोक उताराकडे जातं. बिजागरी तिरकी बसलेलं दार आपोआप लागतं, तसंच हे. मूठ इतकी कमी कलते की धरणाऱ्यालाही कळत नाही. मनात अपेक्षा आली की स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १८५२ साली मांडलं. म्हणून पाणाड्याला सरसकट लबाड म्हणू नये. काडी मी फिरवत नाही, असं तो शपथेवर सांगेल आणि त्याच्या परीनं ते खरंच असेल.

मग पाणी लागतं ते कसं? त्याचं उत्तर खानदेशच्या जमिनीत आहे. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात सातपुड्यातून आलेल्या नद्या-नाल्यांनी गोटे, वाळू, गाळाचे जाड थर आणून टाकलेत. खोलवर या थरांत पाणी दूरपर्यंत पसरलेलं आहे. इथं काडी कुठंही जुळली तरी खाली पाणी लागायची शक्यता मोठी. प्रश्न फक्त किती खोल एवढाच, आणि उपशामुळे ते खोल खोल चाललंय. साक्रीकडे या, की हिशेब उलटतो. इथं काळा कातळ. पाणी असतं ते भेगांमध्ये, मांजऱ्या म्हणजे बारीक छिद्रांच्या खडकात, लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यावर. त्यातच धुळे-नंदुरबार भागात जमिनीखाली दगडाच्या उभ्या भिंती आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. अशा भिंतीच्या एका अंगाला पाणी अडतं आणि दुसऱ्या अंगाला ठणठणाट, असंही होतं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक बोअर चालू आणि एक फेल, हे इथल्या शेतकऱ्याला नवं नाही.

मुरलेल्या पाणाड्याला यातलं बरंच ठाऊक असतं. उंबर कुठे हिरवागार आहे, वारूळ कुठे आहे, शेजाऱ्याची विहीर कधी आटते. झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखायची लक्षणं वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत लिहून ठेवली, आणि त्या यादीत तांब्याच्या तारेची गरज नाही. काडी जुळते ती बहुधा हे सगळं पायाखाली घेऊन चालणाऱ्या माणसाच्या हातात.

हे ज्ञान काढून घेतलं तर काय उरतं? जर्मनीतल्या कासेल इथं १९९० साली ते पाहिलं गेलं. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पाइप, त्यातलं पाणी कधी चालू, कधी बंद. तीस पाणाड्यांनी चाचणीच्या अटी आधी मान्य केल्या होत्या. निकाल छापा-काट्याइतकाच आला. ओट्यावरही हे करता येतं. दोन वाट्यांपैकी एकीखाली अंगठी ठेवा. ठेवणाऱ्यानं मात्र खोलीबाहेर जायचं, नाहीतर त्याचा चेहराच उत्तर देतो.

आता त्या पोतीकडे येऊ.

१६९२ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात एका दारूविक्याचा आणि त्याच्या बायकोचा खून झाला. खुनी सापडेना, तेव्हा झाक एमार नावाच्या शेतकऱ्याला त्याच्या बेचक्याच्या काडीसह बोलावलं गेलं. काडीच्या मागं मागं तो ऱ्होन नदीच्या काठानं बोकेर गावापर्यंत गेला, थेट तिथल्या तुरुंगात. काडी एका कुबड्या तरुणासमोर वळली. किरकोळ चोरीसाठी तो आधीच पकडलेला होता. त्यानं कबुली दिली, आणि त्याला चाकाला बांधून, हाडं मोडून मारण्यात आलं. एमारचं नाव झालं. पुढं पॅरिसमध्ये कोंदेच्या राजपुत्रानं त्याची परीक्षा घेतली. बागेत पुरलेलं सोनं-चांदी ओळखताना तो पार फसला. १७०१ मध्ये चर्चच्या इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मन्यायालयानं, गुन्ह्याच्या तपासात काडी वापरायला मनाई केली. कुबड्याच्या दृष्टीनं नऊ वर्षं उशिरा.

पाण्याच्या बाबतीत हाताला निदान जमीन ठाऊक असते. पोत कुणी नेली, या प्रश्नाला हाताजवळ असतो तो फक्त संशय. आणि गावातला संशय कुणाकडे वळतो हे आपण जाणतो: कामाला येणारी बाई, नुकतं राहायला आलेलं कुटुंब, एकटी म्हातारी. सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याची प्रकरणं पोलिसांत गेली आहेत. तिथं भगताचं साधन वेगळं, पण नाव काढायची रीत हीच.

पाण्यासाठी काडी धरणं हा गुन्हा नाही. पण अमुक बाईनं करणी केली, तिच्यामुळं गुरांचं दूध आटलं, असं जाहीर करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही. तक्रार गावच्या पोलीस ठाण्यातच द्यायची. पोत हरवल्याचीही तिथंच.