शिवाचे लग्न, नारायणाचे देऊळ

श्रोतेहो, नमस्कार.

केदारनाथाच्या यात्रेला निघालेली आपल्याकडची मंडळी गुप्तकाशी मागे टाकून सोनप्रयागला पोहोचतात, तेव्हा बहुतेकांचे सगळे लक्ष गौरीकुंडाकडे आणि त्यापुढच्या पायी चढाकडे लागलेले असते. याच सोनप्रयागला, मंदाकिनी आणि सोनगंगा यांच्या संगमाजवळ, एक रस्ता वेगळा फुटतो आणि सुमारे १२ किलोमीटरची वळणे घेत त्रियुगीनारायण या गावी जाऊन थांबतो. उत्तराखंडाच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यातले हे गाव जवळजवळ २,००० मीटर उंचीवर आहे, आणि शिवपार्वतीचे लग्न इथेच लागले, अशी तिथली श्रद्धा आहे. आज ते यात्रेच्या वाटेपासून बाजूला पडल्यासारखे दिसते खरे; पण मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी गंगोत्रीहून बूढा केदार, घुत्तू आणि पंवाली कांठाची उंच कुरणे ओलांडून केदारनाथाकडे चालत जाणारा यात्रेकरू त्रियुगीनारायणावरूनच पुढे जात असे.

मंदाकिनीच्या या खोऱ्यात लग्नाची अख्खी कथा गावागावांत वाटून दिलेली आहे. पार्वतीने तप केले ते गौरीकुंडाला, शिवाने तिला मागणी घातली ती गुप्तकाशीला, आणि मांडव पडला तो हिमालयाच्या राजधानीत, म्हणजे त्रियुगीनारायणाला, असे तिथले लोक सांगतात. यांपैकी गौरीकुंडातला गरम पाण्याचा झरा २०१३ च्या जूनमधल्या प्रलयात वाहून गेला. उंचावरच्या त्रियुगीनारायणाला मात्र नदीच्या त्या लोंढ्याचे भय नव्हते.

देऊळ दगडी आहे आणि त्याची घडण पाहताना केदारनाथाच्या देवळाची आठवण होते. आवारात ब्रह्मशिला नावाचा दगड आहे. वधूवर नेमके तिथे उभे होते, असे मानतात. ब्रह्मकुंड, विष्णुकुंड, रुद्रकुंड आणि सरस्वतीकुंड अशी चार कुंडे आहेत. सरस्वतीकुंडाचे पाणी विष्णूच्या नाभीतून निघाले आणि तेच बाकीच्या कुंडांना मिळते, अशी समजूत आहे. लग्नाला आलेल्या देवांनी या कुंडांत स्नाने केली म्हणे. गाभाऱ्यासमोर अखंड धुनी आहे. लग्नाचा होम पेटला तो हाच, आणि तीन युगे तो विझलेला नाही, म्हणून तर गावाला हे नाव पडले. या कुंडात ज्वाळा उसळताना दिसतील अशा अपेक्षेने गेलेल्याची थोडी निराशा होते, कारण तिथे बहुधा जाड ओंडके सावकाश धुमसत असतात. येणारा प्रत्येक जण त्यात लाकूड वाहतो आणि परत जाताना चिमूटभर राख कपाळाला लावून, कागदात बांधून घरी नेतो.

गाभाऱ्यात डोकावल्यावर मात्र मनात प्रश्न उभा राहतो. लग्न शिवाचे, खोरे शिवाचे, वरच्या अंगाला केदारनाथासारखे ज्योतिर्लिंग. असे असताना देव्हाऱ्यात लक्ष्मीसह नारायण का? गावकऱ्यांचे उत्तर सरळ आहे. या लग्नात ब्रह्मदेव पुरोहित होता आणि विष्णू वधूचा भाऊ म्हणून उभा राहिला होता. आपल्याकडच्या लग्नात लाजाहोमाच्या वेळी बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊच लागतो आणि नवरदेवाचा कान पिळण्याचा मानही त्याचाच असतो. तेव्हा हे उत्तर मराठी माणसाला लगेच पटावे. पार्वतीला सख्खा भाऊ नव्हता असे नाही. मैनाक पर्वत हा तिचाच भाऊ. पण पर्वतांचे पंख छाटत सुटलेल्या इंद्राच्या वज्राला भिऊन तो समुद्रात दडून बसला होता. ऐन लग्नात भावाची जागा रिकामी राहिली आणि ती विष्णूने भरली, असा मेळ मी आपला माझ्यापुरता घालतो.

कालिदासाने मात्र विष्णूला दुसऱ्या पक्षात बसवले आहे. ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात हे लग्न हिमालयाच्या ओषधिप्रस्थ नावाच्या नगरात लागते. वरात दाराशी येते आणि शिव नंदीवरून उतरतो तो विष्णूने पुढे केलेल्या हाताचा आधार घेऊन. म्हणजे कवीचा विष्णू वराबरोबर आला आणि गढवालच्या गावाचा विष्णू वधूच्या घरचा झाला. मला यात गावाची कल्पना अधिक हृद्य वाटते, कारण वराकडे भुतांपासून देवांपर्यंत सगळे जग लोटले होते. सोबतीची गरज होती ती वधूला. दक्षिणेत मदुरेलाही हेच मानतात: मीनाक्षीचा हात सुंदरेश्वराच्या हाती देतो तो तिचा भाऊ विष्णूच. तीच कथा आपल्या घारापुरीच्या लेण्यातही कोरलेली आहे. तिथल्या कल्याणसुंदर शिल्पात पार्वती शिवाच्या उजव्या हाताला आहे, म्हणजे लग्न अजून लागायचे आहे. ब्रह्मदेव होमाशी बसला आहे आणि विष्णूही हजर आहे. पोर्तुगीज काळात लेण्याची फार नासधूस झाली, तरी मान किंचित खाली घातलेली ती नववधू अजूनही ओळखू येते.

अग्नीच्या बाबतीत मात्र कवी आणि गाव यांचे एकमत आहे. अग्नीला तीन प्रदक्षिणा झाल्यावर आणि लाह्यांची आहुती पडल्यावर कालिदासाचा पुरोहित पार्वतीला सांगतो, की बाळ, हा अग्नी तुझ्या विवाहाचा कर्मसाक्षी आहे. त्रियुगीनारायणाने तो साक्षीदार जपून ठेवला आणि त्याच्यामागे दुसरा साक्षीदार, म्हणजे नारायण, देव्हाऱ्यात बसवला. वधूवर तर लग्न लागताच आपल्या वाटेने गेले. केदारनाथाची दारे दरवर्षी भाऊबीजेला बंद होतात आणि देवाची पालखी उखीमठाला उतरते. पार्वतीच्या या भावाचे दार मात्र हिवाळ्यातही उघडे असते आणि बर्फाच्या दिवसांतही धुनीला लाकूड मिळत राहते. वामनावताराची कथाही या स्थानाशी जोडलेली आहे, आणि भाद्रपदातल्या वामनद्वादशीला इथे जत्रा भरते.

अलीकडच्या वर्षांत उत्तराखंड सरकारने हे गाव विवाहस्थळ म्हणून पुढे आणले आहे, आणि या धुनीभोवती फेरे घ्यायला देशभरातून जोडपी येतात. त्याला नाक मुरडावे असे मला वाटत नाही. लग्नाच्या देवळात लग्ने लागावीत यात वावगे ते काय? काळजी वाटते ती सजावटीच्या, कर्ण्यांच्या आणि गाड्यांच्या गर्दीची, कारण गाव लहान आहे, रस्ता अरुंद आहे आणि पावसाळ्यात हे डोंगर दरड टाकायला टपलेलेच असतात. तेव्हा जायचे तर मे-जूनचा आरंभ किंवा पावसाळा सरल्यानंतरचे दिवस बरे. सोनप्रयागला अर्धा दिवस हाताशी ठेवावा, सकाळी लवकर वर जावे, आणि थंडीचे कपडे बरोबर असावेत, कारण ऊन कलले की तिथे गारठा फार लवकर उतरतो.

नमस्कार.