गाठ निघाली, रिपोर्ट घेतलात का?

श्रोतेहो, नमस्कार. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, की घरातल्यांना हायसं वाटतं. पण दोन कामं तिथूनच सुरू होतात. हात हलवायचा आणि कागद मागायचे.

हाताचं आधी. काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे अंगातलं पाणी गाळणाऱ्या छोट्या गाठी, काढल्या की हातातलं पाणी वर चढायची वाट अरुंद होते, हाताला सूज येऊ शकते. बोटं, मनगट, कोपर लवकर हलवायला लागा. खांदा डॉक्टर सांगतील तसा. दंडाच्या आतून बधिर वाटलं तर घाबरू नका. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

आता आमच्या वन्संचं सांगते. पुढचे उपचार दुसऱ्या डॉक्टरांकडे घ्यायचे होते. त्यांनी फाइल उघडली, तर डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, तारीख आणि गोळ्या, एवढंच. ते म्हणाले, "काढलेल्या गाठीचा रिपोर्ट कुठाय? किती ग्रंथींत आजार निघाला? हार्मोनची तपासणी?"

वन्सं तडक रेकॉर्ड रूमला, मी मागोमाग. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुम्हाला त्यातलं काय कळणार?" मी बोलायला पुढे झाले, तर म्हणाल्या, "वहिनी, मला बोलू दे." बरोबरच होतं त्यांचं. डॉक्टरही पुष्कळदा नवऱ्याशी नाहीतर मुलाशीच बोलतात, आणि जिचं ऑपरेशन ती बाहेर बाकावर. मला हे मुळीच पटत नाही.

कधी कुणाला चढ्या आवाजात न बोललेल्या वन्सं म्हणाल्या, "माझ्या अंगातनं काढलंय ना? काय निघालं ते मला लेखी द्या. मी बसते." आणि बसल्या, दुखरा हात उशीवर ठेवून. दुपार कलल्यावर रिपोर्ट हातात आला. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनच्या जोरावर वाढणारी! त्या एका ओळीवरून त्यांची रोजची गोळी ठरली.

वन्संनी मागितला तो हक्कच होता. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९८१च्या लिस्बन जाहीरनाम्यात रुग्णाचे हक्क मांडलेत. आपल्या नोंदींतली माहिती मिळणं आणि कुठल्याही टप्प्यावर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, हे दोन्ही त्यात १९९५च्या दुरुस्तीपासून आहे.

तेव्हा पुन्हा सांगते, लिहून घ्या: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, पॅथॉलॉजीचा म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट. रिपोर्टला काही दिवस लागतात. कधी मिळेल ते घरी निघतानाच विचारा. गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड (तपासायच्या काचपट्ट्या) कुठे ठेवल्यात तेही विचारा, दुसऱ्या मतासाठी त्या लागतात. कुणी कागद मागितले तर झेरॉक्स द्या, मूळ प्रत आपल्याकडेच.