पार्श्वभूमी काढली, तरी कडेला पांढरी रेघ का राहते?

नमस्कार. पडद्यावर आता केसांची एक बट दिसते आहे आणि तिच्या मागची पांढरी भिंत मी काढून टाकली आहे. पांढऱ्या पानावर हे चित्र निर्दोष दिसते; मात्र पानाचा रंग काळा केला की प्रत्येक केसाच्या कडेने फिकट राखाडी रेघ उमटते. ही रेघ कोठून येते आणि ती कशी घालवायची, हे आज आपण पाहणार आहोत.

चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्र ज्यांनी बनते त्या बारीक ठिपक्यात, लाल, हिरवा आणि निळा या रंगांचे तीन आकडे साठवलेले असतात. पारदर्शकतेसाठी त्यांना चौथा आकडा जोडावा लागतो आणि त्यालाच अल्फा म्हणतात. अल्फा ० असेल तर तो पिक्सेल पूर्णपणे आरपार असतो, २५५ असेल तर मागचे काहीच दिसत नाही आणि मधल्या आकड्यांना मागचे कमीअधिक दिसत राहते. जेपेग फाईलमध्ये या चौथ्या आकड्याला जागाच नाही, म्हणून तासभर खपून कापलेले चित्र जेपेगमध्ये साठवले की पार्श्वभूमी पुन्हा भरलेली, बहुधा पांढरी, दिसते. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही, त्यामुळे गोलाकार कडा दातेरी होतात. १९९६ साली आलेल्या पीएनजीने अल्फाच्या सर्व पायऱ्या वेबवरच्या चित्रांना उपलब्ध करून दिल्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममध्ये जेपेग उघडल्यावर लेयरच्या यादीत ‘बॅकग्राउंड’ नावाचा कुलूपबंद थर दिसतो. त्यावर दोनदा क्लिक केल्यास त्याचा साधा लेयर होतो. गिंप या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये लेयरच्या मेनूतून अल्फा चॅनल जोडावा लागतो, नाहीतर खोडलेल्या जागी पारदर्शकतेऐवजी पार्श्वभूमीचा रंग भरला जातो. चौकटी-चौकटींचा राखाडी-पांढरा पट दिसू लागला की तिथे खरोखर काहीच उरलेले नाही, असे समजावे.

त्यानंतर हव्या त्या भागाची निवड करून लेयर मास्क लावावा. खोडरबर वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण खोडरबर पिक्सेल नाहीसे करतो, तर मास्क ते फक्त झाकतो. मास्कवर काळ्या ब्रशने रंगवले की भाग लपतो, पांढऱ्याने रंगवले की परत येतो आणि करड्या रंगाने तो अर्धपारदर्शक होतो. कान चुकून कापला गेला, तरी दोन फटकाऱ्यांत तो परत आणता येतो.

आता त्या रेघेकडे येऊ. आपण चित्र आठशे टक्क्यांपर्यंत मोठे करून पाहिले, तर केसाच्या कडेचा एक पिक्सेल अर्धा केसाने आणि अर्धा भिंतीने व्यापलेला आढळेल. रंगाच्या आकड्यांत ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा; काळ्या केसाचा आकडा २० धरू आणि पांढऱ्या भिंतीचा २५५. कॅमेऱ्यातून येईपर्यंत या दोहोंची सरमिसळ झालेली असते आणि पिक्सेलचा आकडा साधारण १३८ होतो. आपण मास्कने त्याला अर्धपारदर्शक केले, तरी त्याचा रंग १३८ हाच राहतो. काळ्या पानावर तो निम्मा होऊन ६९ दिसतो. पण त्यात निव्वळ केसाचा रंग असता, तर तो १० दिसला असता. हा जो फरक आहे, तीच आपली रेघ. म्हणजे भिंत काढूनही तिचा रंग कडेच्या पिक्सेलमध्ये मुरलेला राहतो आणि मास्क कितीही काटेकोर केला तरी तो रंग धुतला जात नाही.

म्हणून उपाय रंगावरच करावा लागतो. फोटोशॉपच्या लेयर मेनूत ‘मॅटिंग’खाली ‘डीफ्रिंज’ आहे. ते कडेच्या पिक्सेलचा रंग बदलून आतल्या पिक्सेलसारखा करते. पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असेल, तर तिथलेच ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ अधिक नेमके ठरते. केसांसाठी ‘सिलेक्ट अँड मास्क’च्या खिडकीतला ‘डीकंटॅमिनेट कलर्स’ हा पर्याय मला अधिक भरवशाचा वाटतो. ठळक कडेच्या वस्तूंसाठी इतके करण्याची गरज नसते. निवड एका पिक्सेलने आत ओढली, तरी पुष्कळदा भागते.

फाईल साठवण्यापूर्वी आपल्या लेयरच्या खाली दोन रंगीत थर तात्पुरते घालावेत, एक गडद आणि एक पांढरा, आणि आळीपाळीने दाखवून संपूर्ण कड डोळ्यांखालून घालावी. गडद थरावर फिकट रेघ लपत नाही आणि पांढऱ्यावर काळसर डाग लपत नाहीत. दोन्हीकडे कड स्वच्छ दिसली, की ते थर बंद करावेत, भोवतालची रिकामी जागा छाटावी आणि चित्र पीएनजीत साठवावे. छायाचित्रासारखे रंगबहुल चित्र असेल तर वेबपी निवडावे, कारण त्यातही अल्फा असतो आणि फाईल बरीच लहान होते. लेयर आणि मास्क असलेली मूळ फाईल मात्र वेगळी जपून ठेवावी, कारण पीएनजीत मास्क साठवला जात नाही आणि कड पुन्हा सुधारायची झाल्यास त्या मूळ फाईलकडेच परत यावे लागते.